स्वेच्छानिवृत्तीचा अर्ज भरण्याआधी

एस.टी.ची पहिली गाडी १ जून १९४८ रोजी आपल्याच नगरहून पुण्याला गेली. तेव्हापासून या जिल्ह्यातल्या किती तरी मुस्लिम घरांत खाकी कपडे खुंटीला लटकलेले दिसत आले आहेत. कुणी चालक, कुणी वाहक, कुणी डेपोच्या वर्कशॉपात मेकॅनिक. सर्जेपुरा, मुकुंदनगर, भिंगारपासून श्रीरामपूर, संगमनेर, जामखेडपर्यंत हेच चित्र. दुसरीकडे टेलिफोन खात्यात खांबावर चढणारे लाइनमन होते. पगार फार नव्हता, पण पहिल्या तारखेचा भरवसा होता. त्या भरवशावर मुलींची लग्नं ठरली आणि पतसंस्थांची कर्जं मिळाली.

अशा घरात पन्नाशीच्या आसपास कधी तरी एक कागद येतो. वर लिहिलेलं असतं, 'स्वेच्छानिवृत्ती योजना'. खाली रकमेचा तक्ता आणि शेवटी मुदतीची तारीख. 'एकदम बीस लाख मिलते कते', ही बातमी संध्याकाळपर्यंत गल्लीभर होते, आणि ज्याच्या नावाचा कागद आहे त्याला रात्री झोप लागत नाही. अशा घरांसाठीच आम्ही हे लिहीत आहोत.

बीएसएनएलची योजना आठवा. केंद्रीय मंत्रिमंडळाने २३ ऑक्टोबर २०१९ ला मंजुरी दिली. ४ नोव्हेंबरला अर्ज सुरू झाले आणि ३ डिसेंबरला बंदही झाले. पन्नाशी ओलांडलेल्या माणसाने तीसेक वर्षांच्या नोकरीचा फैसला एका महिन्यात करायचा होता. त्या वर्षी पगार वेळेवर होत नव्हते, त्यामुळे मन आधीच कातावलेलं. देशभरात ७८ हजारांहून अधिक कर्मचाऱ्यांनी सह्या केल्या आणि ३१ जानेवारी २०२० ला एकाच दिवशी सगळे घरी आले. पुढे दोनच महिन्यांत लॉकडाऊन लागला. हातात पैसा आणि बाहेर सगळं बंद, अशी गत झाली. त्याच वर्षी डिसेंबरात एस.टी. महामंडळानेही ५० वर्षांवरील कर्मचाऱ्यांसाठी स्वेच्छानिवृत्ती जाहीर केली.

हे फक्त बस आणि टेलिफोनपुरतं नाही. आपल्या जिल्ह्यात काकडीला १ ऑक्टोबर २०१७ पासून शिर्डीचं विमानतळ आहे. तिथे विमान उतरवणाऱ्या वैमानिकाचा पगार ऐकला तर एस.टी.च्या चालकाला हसू येईल. पण वय वाढलं की प्रश्न त्यालाही तोच. फरक एवढाच की तो आभाळातला ड्रायव्हर. आपल्या देशात वैमानिकाला ६५ वर्षांपर्यंत उडता येतं. साठी ओलांडली की सोबतचा वैमानिक साठीच्या आतला लागतो आणि वैद्यकीय तपासणी दर सहा महिन्यांनी होते. एका तपासणीत हृदयाचा आलेख बिघडला, तर लाखोंचा पगार त्या दिवशी थांबतो. चालकाच्या डोळ्यांचं तरी वेगळं काय आहे?

२७ जानेवारी २०२२ ला एअर इंडिया टाटांकडे गेली. त्याच जूनमध्ये कंपनीने स्वेच्छानिवृत्ती काढली. ५५ वर्षांवरच्या आणि २० वर्षं सेवा झालेल्या कायम कर्मचाऱ्यांसाठी ती होती. विमानातले सेवक आणि कारकून वर्गाला तर चाळिशीपासूनच मुभा होती. आणि त्याच सुमारास कंपनीने आपल्याच निवृत्त वैमानिकांना पाच वर्षांच्या कंत्राटावर परत या म्हणून विचारलं! एका दाराने माणसं बाहेर, दुसऱ्या दाराने आत. एस.टी.तही हेच घडलं. २०२१-२२ च्या लांबलेल्या संपात गाड्या चालवायला महामंडळाने निवृत्त चालकांनाच कंत्राटावर बोलावलं.

यातून आम्हांला एक गोष्ट स्पष्ट दिसते. योजना कंपनीच्या गरजेतून निघते, आपल्या नाही. त्यात वाईट काही नाही, कंपनीने आपला हिशेब करावाच. पण मग आपणही आपला करायला हवा. साहेब म्हणतात 'संधी सोडू नका', युनियनवाले म्हणतात 'सही करू नका'. दोघांनाही तुमच्या घरचं भाडं भरायचं नाही.

आता हिशेबाकडे वळू. बीएसएनएलचं सूत्र सोपं होतं. झालेल्या प्रत्येक वर्षासाठी ३५ दिवसांचा पगार आणि उरलेल्या प्रत्येक वर्षासाठी २५ दिवसांचा. समजा, एका लाइनमनची २८ वर्षं झाली, ७ उरली. मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून महिना ५० हजार. ३५ गुणिले २८ म्हणजे ९८० दिवस. २५ गुणिले ७ म्हणजे १७५ दिवस. एकूण ११५५ दिवस, म्हणजे साडेअडतीस महिने. रक्कम होते १९ लाख २५ हजार. योजनेतल्या कमाल मर्यादा वगैरे बाजूला ठेवून हा ढोबळ आकडा आहे.

तो सात वर्षं नोकरीत राहिला असता तर ८४ महिन्यांचे ४२ लाख मिळाले असते. मग हा तोट्याचा सौदा झाला? थांबा. दूरसंचार खात्यातून बीएसएनएलमध्ये आलेल्या जुन्या कर्मचाऱ्यांच्या मागे सरकारी पेन्शन होती. निवृत्तीनंतर ती लगेच सुरू झाली. अर्ध्या पगाराच्या हिशेबाने महिना २५ हजार धरले, तर सात वर्षांचे २१ लाख. त्यात १९ लाख २५ हजार मिळवा. बेरीज ४० लाख २५ हजार. म्हणजे घरी बसून जवळजवळ तेवढेच! एवढ्या लोकांनी सही का केली ते इथे कळतं. अर्थात वार्षिक वेतनवाढ गेली, सानुग्रह रक्कम दोन हप्त्यांत आली आणि पेन्शन विकून एकरकमी घेण्याची सोय साठीपर्यंत पुढे गेली. तरीही सौदा बुडीत नव्हता.

हाच तक्ता एस.टी.च्या चालकापुढे ठेवला तर उत्तर उलटं येतं, कारण त्याच्या मागे सरकारी पेन्शन नाही. त्याच्याकडे भविष्य निर्वाह निधी आहे, ग्रॅच्युइटी आहे आणि १९९५ च्या योजनेतली ईपीएस पेन्शन आहे. या पेन्शनबद्दल आपल्या लोकांत मोठा गैरसमज आहे. मालक पगाराच्या १२ टक्के भरतो, ते सगळे पीएफमध्ये जमा होतात असं वाटतं. तसं नसतं. त्यातले ८.३३ टक्के पेन्शन फंडात जातात, आणि तेही सप्टेंबर २०१४ पासून १५ हजार पगाराच्या मर्यादेवर, त्याआधी ६,५०० वर. पेन्शन मोजतात ती पगाराला सेवेच्या वर्षांनी गुणून ७० ने भागून. १५ हजार आणि ३५ वर्षं धरली तरी साडेसात हजार होतात. प्रत्यक्षात २०१४ पूर्वीची वर्षं जुन्या मर्यादेने मोजली जात असल्याने हातात त्याहून कमी पडतं. सरकारने ठरवलेली किमान पेन्शन तर महिना १ हजार आहे.

ही पेन्शन ५८ व्या वर्षी पूर्ण मिळते. पन्नाशीनंतर आधी मागता येते, पण आधीच्या प्रत्येक वर्षाला ४ टक्के कापले जातात, आणि ती कपात जन्मभराची असते. पन्नासाव्या वर्षीच सुरू केली, तर चौथ्या हिश्शाहून अधिक रक्कम कायमची गेली. उलट ५८ नंतर दोन वर्षं थांबलं तर दर वर्षाला ४ टक्के वाढ आहे. म्हणून स्वेच्छानिवृत्ती घेतली तरी पेन्शनचा अर्ज त्याच दिवशी टाकायची घाई करू नये. दुसरी कमाई असेल तर ५८ पर्यंत थांबावं.

दुसऱ्याच्या घराचा तक्ता बघून आपला निर्णय घेऊ नये, असं आम्ही म्हणतो ते यासाठी. मेहुण्याने बीएसएनएलमध्ये सही केली आणि तो सुखात आहे, म्हणून आपणही करायची, हे हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागणं झालं. त्याच्या मागे पेन्शन आहे, आपल्या मागे नाही.

आणखी एक गोष्ट निसटते. नोकरीत असताना मृत्यू झाला तर पीएफला जोडलेल्या विमा योजनेतून वारसांना ७ लाखांपर्यंत रक्कम मिळते. ती नोकरीवर असलेल्यांसाठी आहे. सही केल्यानंतर ते छत्र राहत नाही. दवाखान्याच्या खर्चाची जी काही परतफेड मिळत होती, तिचंही विचारून घ्या. आयुष्मानचं ७० वर्षांवरील सर्वांसाठीचं कार्ड आहे, पण बावन्न ते सत्तर मधली अठरा वर्षं कुणी मोजायची? शुगर आणि बीपी याच अठरा वर्षांत येतात.

पीएफचं एक बरं आहे. तो सक्तीचा असतो. आपल्याकडून नसता साठला. एअर इंडियात जुन्या १९२५ च्या कायद्याचा निधी होता. त्यात कर्मचारी १० टक्के आणि कंपनी १० टक्के भरत होती. डिसेंबर २०२१ पासून तिथले सुमारे साडेसात हजार कर्मचारी ईपीएफओखाली आले आणि दोन्हीकडचे १० चे १२ झाले. दोन टक्के ऐकायला किरकोळ वाटतात. पण वीस वर्षं दर महिन्याला पडणाऱ्या दोन टक्क्यांना, मालकाच्याही तेवढ्याच जोडीने, बारीक म्हणता येणार नाही. ज्यांची नोकरी अजून दहा-पंधरा वर्षं आहे, त्यांनी घराच्या रंगासाठी आणि मोटरसायकलसाठी पीएफमधून उचल घेणं थांबवावं. आमच्या मते यापेक्षा मोठी निवृत्तीची तयारी दुसरी नाही.

इथे घरात हमखास एक प्रश्न निघतो. पीएफवर जे वाढून मिळतं ते सूद आहे का? अनेक हनफी उलेमांचं मत असं आहे की पगारातून सक्तीने कापलेली रक्कम आपल्या कब्जात आलेलीच नसते. म्हणून तिच्यावर मालकाकडून वाढून येणारं हे मोबदल्याचाच भाग मानावं. त्याला सूद म्हणू नये. आपल्या मर्जीने जास्तीची रक्कम कापून घेतली असेल, तर मात्र सावध राहा असं तेच उलेमा सांगतात. जकातीचंही तसंच. सक्तीच्या पीएफवर जकात रक्कम हातात आल्यानंतर लागू होते, गेल्या सगळ्या वर्षांची नाही, असं बहुतेकांचं म्हणणं आहे. स्वेच्छेच्या भागाबद्दल मतं वेगळी आहेत. ज्यांच्या मसलतीवर आपला भरवसा आहे अशा आलिमांना आपला खरा कागद दाखवून विचारावं. तोंडी अर्धवट माहिती सांगून फतवा घेऊ नये. एवढं नक्की की मोठी रक्कम खात्यात आली की त्या वर्षी जकातीचा हिशेब नव्याने करावा लागतो, आणि तो पुष्कळ घरांत राहून जातो.

पैसा आला की माणसंही येतात. सगळ्यात आधी कोण येतं? आमचा अनुभव असा की 'हलाल मुनाफा' घेऊन कुणी तरी येतं. दाढी, टोपी, सलाम, मस्जिदीतली ओळख, आणि महिन्याला लाखामागे तीन हजार. बंगळूरच्या आयएमए प्रकरणात हेच झालं. सूद नाही, व्यापारातला नफा, असं सांगून हजारो मुस्लिम कुटुंबांची जमा गोळा केली आणि जून २०१९ मध्ये मालक देश सोडून गेला. हीरा गोल्डमध्येही तसंच. तिच्या प्रमुखांना ऑक्टोबर २०१८ मध्ये अटक झाली. त्यात निवृत्तीचे पैसे होते, विधवांचे होते, हजसाठी साठवलेले होते. धंदा न दाखवता दर महिन्याला ठरावीक नफा देणारा माणस नफा देतच नसतो. नव्या माणसाचे पैसे जुन्याला देत असतो. शरीअतनेही नफ्याबरोबर तोट्याची वाटणी सांगितली आहे. ज्याच्या कागदावर तोट्याचा रकानाच नाही, तो कागद कशाचा?

आपल्या जिल्ह्याला दुसरा धडा नगर अर्बन बँकेने दिला. शतकाहून जुनी बँक. ४ ऑक्टोबर २०२३ ला रिझर्व्ह बँकेने तिचा परवाना रद्द केला. ठेवीला विम्याचं संरक्षण एका बँकेत एका माणसाला ५ लाखांपर्यंतच असतं, हे पुष्कळांना त्या दिवशी कळलं. पतसंस्थांना तर तेही नाही. म्हणून निवृत्तीची रक्कम एकाच ठिकाणी ठेवू नये, ते ठिकाण कितीही ओळखीचं असो.

मग ठेवायची कुठे? सूद टाळणाऱ्या घरांसाठी शेअर बाजारात शरीअतच्या निकषांवर चालणारे फंड आहेत. टाटा एथिकल फंड १९९६ पासून आहे. दारू, व्याजी बँका, जुगार अशा कंपन्या त्यात घेत नाहीत. पण बाजार पडला की तेही पडतात, म्हणून पाच वर्षं हात लावायची गरज नाही एवढीच रक्कम तिथे. एखादी भाड्याची खोली किंवा दुकानाचा गाळा नगर, श्रीरामपूरसारख्या गावात अजूनही चांगला आधार देतो. सगळी रक्कम राहत्या घराच्या दुसऱ्या मजल्यात घालण्याच्या मात्र आम्ही विरोधात आहोत. मजला दिसायला छान दिसतो. पण तो किराणा भरत नाही.

आणि निम्मी तरी रक्कम धंद्यात घालू नये. तीस वर्षं स्टेअरिंगवर काढलेल्या माणसाने एकदम चपलांचं दुकान टाकावं, हे आम्हांला पटत नाही. चालकाला स्कूलबस चालवता येते, मेकॅनिकला गॅरेज जमतं. ओळखीचं काम, थोडं भांडवल. बस्स.

आता घरातली देणी. यात एक देणं पुरुष मंडळी सोयीने विसरतात, ते मेहरचं. निकाहाला तीस वर्षं झाली, मेहर उधारच आहे, 'माफ करवून घेतली' असं मनाशी ठरवलेलं आहे. ते कर्ज आहे. मुलाच्या वलीम्याचा मंडप ठरवण्याआधी ते बीबीच्या हातात जावं. हजचंही लोक घाईने ठरवतात. हज फर्ज होतो तो परत येईपर्यंत घरच्यांच्या खर्चाची सोय करून उरत असेल तेव्हा. पंधरा वर्षांची गुजराण त्या रकमेवर अवलंबून असेल तर आधी आलिमांना विचारा. आणि लग्नं! लग्नात दोन दिवसांत उडालेली ग्रॅच्युइटी आम्ही पाहिली आहे. निकाह सोपा करा असं आपण व्याख्यानांत ऐकतो आणि लॉन बुक करून येतो.

मुलगे म्हणतात, 'अब्बा, आमचा हिस्सा आताच द्या.' आपल्या हयातीत आपल्या कमाईत कुणाचाही वारसाहक्क नसतो. द्यायचं असेल तर ते हिबा, म्हणजे भेट. तीत सगळ्या औलादीला सारखं वागवण्याची ताकीद आहे, मुलींनाही. हजरत साद बिन अबी वक्कास रजि. यांनी आपला बहुतेक माल दान करायचा विचार सांगितला, तेव्हा पैगंबर स. यांनी तिसऱ्या हिश्शावर थांबवलं. वारसांना लोकांपुढे हात पसरायला लावण्यापेक्षा त्यांना सुस्थितीत सोडणं बरं, असं सांगितलं. तेव्हा आपल्या बीबीला मुलांपुढे हात पसरावा लागेल अशी वाटणी करणं, यात दीनदारी कसली?

नॉमिनीचा घोळ याच्याशी जोडलेला आहे. नॉमिनी म्हणजे मालक नव्हे, तो रक्कम स्वीकारणारा. पुढे ती वारसांत वाटायची असते. सर्वोच्च न्यायालयानेही हेच म्हटलेलं आहे. औलाद असेल तर बीबीचा आठवा हिस्सा, मुलाला दोन वाटे, मुलीला एक. पण प्रत्यक्षात काय होतं? लग्नाआधी नोकरी लागली तेव्हा फॉर्मवर वालिदांचं नाव लिहिलेलं असतं. ते कधीच अल्लाहला प्यारे झाले, फॉर्म तसाच राहिला.

सगळ्यात जास्त हाल मात्र नावाने होतात, आणि ते आपल्याच समाजात जास्त. सर्व्हिस बुकात 'शेख रज्जाक मेहबूब', आधारवर 'अब्दुल रझाक शेख', बँकेत 'रजाक महेबुब शेख'. इंग्रजीत शेखचीच तीन स्पेलिंगं. शाळेच्या दाखल्यावर जन्मतारीख १ जून, कारण मास्तरांनी तीच घातली, आणि आधारवर १ जानेवारी. संगणकाला हे चार वेगळे इसम वाटतात आणि दावा नामंजूर होतो. बीबीचंही तसंच, निकाहाआधीचं नाव एका कागदावर, नंतरचं दुसऱ्यावर. नोकरीत असताना ही दुरुस्ती मालकाबरोबरच्या संयुक्त निवेदनाने त्यामानाने सोपी होते. कार्यालय ओळखीचं असतं, कारकून ओळखीचा असतो. निवृत्त झाल्यावर त्याच टेबलासमोर आपण 'बाहेरचे' होतो. आता जिल्ह्याचं नावही कागदांवर दोन तऱ्हेचं आहे, जुन्यांवर अहमदनगर, नव्यांवर अहिल्यानगर. त्याने घाबरून जायचं कारण नाही, पण आपलं नाव, बापाचं नाव आणि जन्मतारीख तिन्ही ठिकाणी एकच करून घ्या. योजना येवो न येवो, हे काम या महिन्यात करता येतं.

करातही थोडं बघावं लागतं. स्वेच्छानिवृत्तीच्या भरपाईतले ५ लाखांपर्यंत अटींसह करमुक्त असतात, ग्रॅच्युइटी २० लाखांपर्यंत. वरच्या रकमेवर कर कापून येतो. तेव्हा तक्त्यातला आकडा आणि खात्यात येणारा आकडा एक नसतो.

आणि अर्ज भरायची वेळ आलीच, तर आधी घरात बसून एक कागद करावा. एका बाजूला महिन्याचा खरा खर्च, औषधांसह. दुसऱ्या बाजूला सहीनंतर महिन्याला नक्की येणारी रक्कम. हा कागद बीबीने लिहावा असं आम्ही सुचवतो, कारण तेलाचा डबा किती दिवस पुरतो ते तिला माहीत असतं. कागदावरची तूट एकरकमी पैशातून दरमहा भरली तर तो किती वर्षं पुरतो, ते भागाकाराने कळतं. महिना १२ हजारांची तूट आणि हातात २० लाख असतील, तर भाव न वाढताही ते चौदा वर्षांत संपतात. म्हणजे बावन्नाव्या वर्षी सही करणाऱ्याचे सहासष्टाव्या वर्षी. बहुतेक योजनांत मुदत संपेपर्यंत अर्ज मागे घेता येतो, पण मंजुरीनंतर नाही. ती अट आपल्या पत्रकात कोणत्या कलमात आहे ते सहीच्या आधी शोधून ठेवा. इंग्रजी पत्रक असेल तर मोहल्ल्यातल्या शिकलेल्या मुलीकडून वाचून घ्या.